दुसरी प्रत कुठे ठेवलीय?

हा भाग ऐकायला जमला नसेल, किंवा इअरफोन घरी विसरून एसटीत बसला असाल, तर इथे वाचा. बोलताना जसं बोललो तसंच जवळपास लिहिलंय. चार ठिकाणी वाक्यं सरळ केली, एवढंच.

आज सुरुवात सोलापुरातल्या वळवाच्या पावसाने करतो.

मे २०१७. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आलो होतो. दिवसभर अंगाची लाही लाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आभाळ भरून आलं, धूळ उठली, आणि पावसाचा पहिला थेंब पडायच्या आधीच जवळ कुठेतरी वीज पडली. घरातला टीव्ही गेला, एका पंख्याचा रेग्युलेटर गेला, आणि माझा कॉम्प्युटर गेला.

खोटं कशाला बोलू, मी निवांत होतो. कारण माझ्याकडे बॅकअप होता. कॅबिनेटमध्ये एक सोडून दोन हार्ड डिस्क होत्या. दुसरी मी स्वतः बसवली होती, क्लासच्या पोरांना फिजिक्स शिकवून मिळालेल्या पैशातून. दर रविवारी जेवण झालं की पहिल्या डिस्कवरचं 'घर' नावाचं फोल्डर दुसरीवर कॉपी करायचं, हा नेम. वर्षभरात दोन-तीन रविवार चुकले असतील, जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडलं. पॉवर सप्लाय जळालेला. पहिली डिस्क त्याने त्याच्या मशीनला लावून बघितली, फिरली नाही. दुसरी लावली, तीही नाही. मी म्हटलं, असं कसं, ती तर बॅकअपची होती. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "दोन्हीला करंट एकाच डब्यातनं जातोय की बे. गेलं तर दोन्ही जाणारच."

त्या 'घर' फोल्डरमध्ये माझ्या आजोबांचं सहा तासांचं रेकॉर्डिंग होतं. २०१६ च्या दिवाळीत रोज दुपारी मी त्यांच्यासमोर मोबाईल ठेवून बसायचो. ते त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं सांगायचे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचं राज्यच उरलं नाही, आणि मग मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. हे सगळं सोलापूरच्या प्रत्येक पोराला पाठ असतं, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोजच तर जातो आपण. पण आजोबा जे सांगायचे ते पुस्तकात नव्हतं. मिलमध्ये कामाला असलेल्या आमच्या पणजोबांनी गांधी टोपी ज्वारीच्या कणगीत कशी लपवली, आणि नंतर पीठ दळून आणलं तरी टोपी काही सापडेना, असलं सगळं.

मोबाईलची मेमरी सोळा जीबीची. भरली की कॉम्प्युटरवर टाकायचं आणि मोबाईलवरचं उडवायचं. आजोबा फेब्रुवारीत गेले. वीज मेमध्ये पडली.

पुढे नोकरी लागल्यावर मी ठरवलं की आता पैसे आहेत, डेटा रिकव्हरीवाल्याकडे देऊ. घरी फोन केला. बाबा म्हणाले, "ते जुनं कॅबिनेट? ते मागच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिलं रे." त्यांची काय चूक? त्यांच्या दृष्टीने ते मेलेलं लोखंड होतं.

आज सर्व्हरचे बॅकअप बघणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. गंमत अशी, की बॅकअप म्हणजे काय हे मला कोर्सपेक्षा जास्त कळलं ते इतिहास वाचताना. माझ्याकडे दोन प्रती होत्या, पण दोघींचं नशीब एकच होतं. हीच चूक आपल्याकडे सातशे वर्षांत कुणी कुणी केली आणि कुणी टाळली, हा आजचा विषय.

पुठ्ठ्याचं कार्ड

सोलापूरचा माणूस म्हटल्यावर चादर येणारच. पण इथे ती उगाच येत नाहीये.

चादरीवर मोर असतो, फुलं असतात, कधी नाव विणलेलं असतं. ते मागाला कसं कळतं? मागाच्या वर जॅकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं, आणि त्यातून पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. कार्डावर भोकं पाडलेली. भोक असेल तर ताण्याचा तो धागा वर उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. मग त्यामधून बाण्याचा एक धागा जातो. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. भोक आहे, भोक नाही. एक, शून्य. बस, एवढंच.

फ्रान्समधल्या ल्याँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास आणलं. १८३९ साली त्याचंच एक चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. कॉम्प्युटरचा आजोबा म्हणतात तो चार्ल्स बॅबेज, त्याने त्या विणलेल्या चित्राची एक प्रत स्वतःच्या घरी लावली होती. पुढे अमेरिकेत हर्मन हॉलेरिथने १८९० ची जनगणना असल्याच भोकांच्या कार्डांवर मोजली. त्याची कंपनी इतर काही कंपन्यांत मिसळली आणि त्यातून आयबीएम उभी राहिली. त्याच आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, टनभर वजन, आणि मावायची किती, तर पन्नास लाख अक्षरं. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला गुड मॉर्निंगचा एक व्हिडिओसुद्धा त्यात मावणार नाही.

म्हणजे आपल्या पूर्व भागातल्या मागावरचं कार्ड आणि तुमच्या घरातली डिस्क, लांबचे का होईना, एकाच घराण्यातले.

तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या एका प्रोजेक्टसाठी मी पूर्व भागात कार्ड पंचिंग करणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो होतो. तेलुगू घरातले. त्या भागातली बरीच विणकर घराणी मूळची तेलंगणातली, पद्मशाली समाजाची. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणालो. मी विचारलं, "अण्णा, कार्ड खराब होत नाही का?"

"होतंय की. तेल सांडतंय, पावसाळ्यात पुठ्ठा फुगतोय, उंदीर खातोय. एक कार्ड फाटलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक येतीय."

"मग?"

त्यांनी ग्राफ दाखवला. आधी डिझाइन चौकटीच्या कागदावर रंगवायचं, एक चौकट म्हणजे एक धागा. तो कागद बघून कार्डं पाडायची. कार्डं कारखान्यात, ग्राफ घरी, लोखंडी ट्रंकेत. मी विचारलं, ग्राफ इथेच का नाही ठेवत, सोयीचं पडेल. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अगदीच लहान पोर आहे.

"कारखाना आणि घर एकाच दिवशी जळत नाही बाळा."

माझ्या दोन डिस्क एकाच डब्यात होत्या. मी गप्प बसलो.

हिराइसाची आठवण

आता तेराव्या शतकात जाऊ. चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापला. ते निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी गोळा करायचं काम म्हाइंभटांनी हातात घेतलं. ही गोष्ट साधारण १२७८ च्या आसपासची. म्हाइंभट एका जागी बसून लिहीत नव्हते. स्वामी कुठे कुठे राहिले, कुणाकुणाशी बोलले, त्या माणसांपर्यंत ते पोचले. कुणी काय ऐकलं, कुणी काय पाहिलं, हे विचारून टिपलं. मग ते नागदेवाचार्यांना दाखवून खात्री करून घेतली. त्यातून 'लीळाचरित्र' तयार झालं, मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ. आजच्या भाषेत याला ओरल हिस्टरी म्हणतात. मी आजोबांसमोर मोबाईल ठेवून जे करत होतो तेच, फक्त कितीतरी जास्त चोख.

आणि हा ग्रंथ हरवला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या राज्यावर दिल्लीच्या फौजा येत होत्या. त्या धामधुमीत पंथाची माणसं रानोमाळ झाली आणि लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, असं महानुभाव परंपरा सांगते.

आता विचार करा. लिहून काढलेली प्रत गेली. नागदेवाचार्य आधीच वारले होते, म्हणजे खात्री करून देणारा माणूसही नाही. तरीही आज लीळाचरित्र आपल्या हातात आहे. कारण पंथातल्या लोकांनी ते पाठ केलं होतं. त्यात हिराइसा नावाच्या बाईंची आठवण फार तल्लख होती, असं परंपरा सांगते. त्यांच्या आठवणीवरून जो पाठ तयार झाला तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इतरांनीही आपापल्या आठवणीतून लिहिलं. म्हणून लीळाचरित्राचे एकाहून जास्त पाठ मिळतात. वि. भि. कोलते यांनी ते तपासून जी संपादित आवृत्ती केली ती १९७८ मध्ये छापली गेली.

इथे दोन गोष्टी बघा. एक, दुसरी प्रत वेगळ्या प्रकारच्या जागी होती. पोथी कागदावर, आठवण माणसाच्या डोक्यात. जे संकट पोथीवर आलं ते सगळ्या डोक्यांवर एकदम आलं नाही. दोन, परत आणलेली प्रत हुबेहूब पहिल्यासारखी आली नाही. थोडंफार इकडचं तिकडे झालं, म्हणून तर अनेक पाठ झाले. बॅकअपमधून सगळं जसंच्या तसं मिळेल, ही आशा तेव्हाही खरी नव्हती.

आणखी एक भानगड याच पंथात झाली. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदर अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथ मठांत सुखरूप राहिले, पण बाहेरच्या मराठी वाचकाला कित्येक शतकं ते वाचताच येत नव्हते. लिपीची किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांना मिळाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तेव्हा कुठे या साहित्याचा खजिना सगळ्यांना दिसला. पंथात किल्ली जपणारे लोक होते म्हणून हे जमलं. तुम्ही बॅकअप डिस्कला पासवर्ड लावलाय ना? चांगलं केलंत. पण तो पासवर्ड घरात आणखी कुणाला माहिती आहे का, तेवढं बघा.

तुकोबांच्या गाथेची गोष्ट तर सगळ्यांना माहिती आहे. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेरा दिवसांनी तरल्या. श्रद्धेचा भाग मी तसाच ठेवतो. पण एक गोष्ट वारकऱ्यांना विचारा, ते आनंदाने सांगतील: अभंग तोवर लोकांच्या तोंडी बसले होते, आणि चाकणचे संताजी जगनाडे यांच्यासारखे टाळकरी ते लिहून ठेवत होते. जगनाड्यांच्या वहीवरूनच पुढे वि. ल. भावे यांनी गाथेचा एक पाठ छापला. एका घरातल्या वह्या नदीत जाऊ शकतात. गावोगावच्या भजनी मंडळांतले अभंग कुठल्या नदीत बुडवणार?

चूकही कॉपी होते

इथवर ऐकून कुणी म्हणेल, सोपं आहे, भरपूर प्रती करा. थांबा. १५८४ साल, म्हणजे शके १५०६. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षं होत आली होती. गावोगावी प्रती होत्या. अडचण प्रतींची नव्हतीच. एकाने लिहिताना शब्द चुकवला, दुसऱ्याने त्या चुकलेल्या प्रतीवरून उतरवलं, तिसऱ्याने मध्ये आपल्या दोन ओळी घातल्या. प्रती वाढल्या तसा ग्रंथ बिघडत गेला. शेवटी पैठणच्या एकनाथ महाराजांनी पाठ तपासून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पुढच्यांनी यात आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत, असंही त्यांनी बजावून ठेवलं.

मोबाईलवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. फोटो आपोआप क्लाउडवर जातात म्हणून तुम्ही निर्धास्त असता. पण त्याला सिंक म्हणतात, बॅकअप नाही. सिंक म्हणजे इकडे जे होईल तेच तिकडे. मोबाईलवर फोटो उडवला की तिकडचाही उडतो. थोडे दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतो, मग तिथूनही जातो. फाइल बिघडली तर बिघडलेली फाइल निमूटपणे चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसते. माझा रविवारचा नेमही तसलाच होता, दर वेळी जुन्यावर नवीन. एखाद्या आठवड्यात फाइल खराब झाली असती, तर पुढच्या रविवारी मी स्वतःच्या हाताने चांगली प्रत पुसली असती.

म्हणून जुन्या प्रती लगेच फेकायच्या नसतात. याचं सगळ्यात मोठं काम पुण्यात झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. काश्मीरपासून केरळपर्यंतची हस्तलिखितं जमवली, १,२५९ हस्तलिखितं. वेगवेगळ्या लिप्या, वेगवेगळी शतकं. ओळीला ओळ लावून बघायचं, कुठे सगळ्या सारखं बोलतात, कुठे एखादीच वेगळं बोलते. मुख्य संपादक वि. स. सुखठणकर १९४३ मध्ये वारले, काम चालूच राहिलं, आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. एकोणीस खंड. सत्तेचाळीस वर्षं. हे जमलं, कारण प्रती एकमेकींपासून लांब लांब, आपापल्या वाटेने टिकल्या होत्या. सगळ्या एकाच प्रतीवरून एकाच आठवड्यात उतरवल्या असत्या, तर ताडून बघायला उरलं काय असतं?

एकाच गोदामात

आता उलटं उदाहरण. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. चार रिळांचा सिनेमा. आज त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं शिल्लक आहेत. तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. भारतात हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले जेमतेम काही डझन, तेही तुकड्या-तुकड्यांत उरले.

कारण त्या काळातली फिल्म नायट्रेटची. ती जळाली की विझवणं मुश्कील, आणि नुसती ठेवली तरी कुजते. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि जिथे जे सापडेल ते जमवलं गेलं. हे फार मोलाचं काम होतं. पण नायट्रेटच्या रिळांचा साठा एका ठिकाणी होता, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, म्हणजे आजच्या एफटीआयआयमध्ये. ८ जानेवारी २००३ ला तिथे आग लागली. सहाशेच्या आसपास चित्रपटांची हजारो रिळं जळाली. ज्यांची प्रत आधी सुरक्षित फिल्मवर करून दुसरीकडे ठेवली होती, ते चित्रपट आजही बघता येतात. मूळ नायट्रेट मात्र गेलं ते गेलंच.

जमवणं आणि जपणं यात फरक आहे तो इथे. सगळं एका जागी आणलं की शोधायला सोपं पडतं. जळायलाही.

घरी असलेली प्रत

आता एक गोष्ट अमेरिकेतली, कारण ती थेट माझ्या आत्याच्या गोष्टीला जाऊन मिळते.

१९९८. पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू होतं. कुणीतरी चुकून फाइली उडवायची कमांड चालवली, आणि बघता बघता पडद्यावरून एकेक पात्र गायब व्हायला लागलं. लोक घाबरले नाहीत, कारण बॅकअप होता. बॅकअप लावला, तर तो अर्धवट निघाला. कितीतरी दिवस तो नीट होतच नव्हता, आणि परत लावून बघितल्याशिवाय ते कळणार कसं? मग गॅलिन सुसमन नावाच्या टेक्निकल डायरेक्टरला आठवलं की तिच्या घरी एक प्रत आहे. बाळ लहान होतं म्हणून ती घरून काम करायची, त्यासाठी सिनेमाच्या फाइली तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर होत्या. ते मशीन चादरीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, जपून स्टुडिओत आणलं. (चादर सोलापुरी नसणार, पण मला आवडलं असतं.)

तो तिचा बॅकअप नव्हताच. तिची कामाची सोय होती. पण लांब होती, वेगळ्या छपराखाली होती, आणि चालू होती. म्हणून वाचवलं.

आता आत्या. माझी आत्या हैदराबादला असते. दोन वर्षांपूर्वी घरी एका लग्नात भेटली. आजोबांचा विषय निघाला. मी ती विजेची गोष्ट सांगितली, ती ऐकत होती. मग म्हणाली, "अरे, पण ते टोपीचं तू मला पाठवलं होतंस की."

२०१६ च्या दिवाळीत तिला यायला जमलं नव्हतं. तिला आजोबांचा आवाज ऐकायचा होता, म्हणून मी एक तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. मी साफ विसरलो होतो. तिने मोबाईल बदलला तेव्हा तिच्या मुलाने सगळं नव्या फोनवर घेतलं होतं. अकरा मिनिटं. मधे आजीचा आवाज आहे, "चहा गार होतोय." कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत. टोपी कणगीत घातली इथपर्यंत आजोबा सांगतात, आणि मग रेकॉर्डिंग संपतं. टोपी पुढे कधी सापडली का, ते कुणालाच माहिती नाही. मला वाटतं आजोबांनी सांगितलं होतं. मला आठवत नाही.

सहा तासांतली अकरा मिनिटं. मी दर रविवारी नेमाने केलेला बॅकअप गेला, आणि विसरून गेलेली प्रत राहिली. अण्णा सांगत होते तेच: कारखाना आणि घर एकाच दिवशी जळत नाही.

मग करायचं काय?

पीटर क्रोघ या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला एक नियम आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या घरच्या हिशोबाने सांगतो.

पहिली प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर आहेच. दुसऱ्या प्रतीसाठी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. कॅबिनेटच्या आत नको, बाहेरची. कॉपी झाली की केबल काढून कपाटात ठेवा. सारखी जोडलेली ठेवली तर वीज तिलाही गाठते, आणि व्हायरसही. माझी डिस्क जळाली त्याच महिन्यात, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला होता. तो फाइलींना कुलूप लावून पैसे मागायचा, आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही सोडायचा नाही. कपाटातल्या डिस्कला तो काय करणार?

तिसरी प्रत दुसऱ्या गावात. क्लाउड चालेल, नाहीतर बहिणीकडे, मामाकडे, आत्याकडे एक जुनी डिस्क. दिवाळीला गेलात की तिच्यावर नवीन भर टाकून या. कॉपी करताना जुन्यावर नवीन चढवू नका, तारखेचं वेगळं फोल्डर करा. जागा कमी पडली की सगळ्यात जुनं काढा.

आणि लोक नेमकं जे करत नाहीत ते: वर्षातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. फोटो दिसतोय का, आवाज येतोय का. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर मी आता एक रुपयाही लावणार नाही.

एवढं सगळं एका दिवसात नाही झालं तरी चालेल. आज रात्री फक्त एक करा. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज तुमच्या मोबाईलमध्ये असेल, तर तो दुसऱ्या गावातल्या एका नातेवाइकाला पाठवून द्या. पाठवून विसरलात तरी हरकत नाही.

माझी अकरा मिनिटं आता चार ठिकाणी आहेत: माझ्याकडे, एका कपाटातल्या डिस्कवर, क्लाउडवर, आणि अजूनही आत्याच्या फोनमध्ये. परवा तिचा फोन आला होता, "मेमरी भरलीय रे, ते टोपीचं उडवू का?"

मी म्हटलं, "आत्या, ते एक सोडून काय पाहिजे ते उडव."

चला मंडळी, पुढच्या भागात भेटू.